चिखलाचं आवतण

तिरोड्याकडच्या एका लहानशा कॉलेजात मोनाली रहांगडाले वनस्पतिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी स्वतःच्याच जागेसाठी पुन्हा मुलाखत द्यायची. सोबतचे एकेक निघून गेले. कोणी बँकेत लागलं, कोणी दुकान टाकलं. त्यांचे तास हिच्याकडे आले. यंदा तर प्राणिशास्त्रही गळ्यात पडलं.

ती इतकी थकली होती की फळ्यावर पान काढता काढता ते बोदलकसा तलावाच्या पाण्यावर तरंगू लागायचं. स्वतःचा आवाज पलीकडच्या काठावरून ऐकू यायचा. नागरा गावच्या देवळात महादेवापुढे उभी राहिली, तर मागायचं काय तेच आठवेना. गार दगडाला हात लावून परत आली.

नागपूरच्या एका क्लासवाल्यानं शिकवायला बोलावलं होतं. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

भाताच्या रोवणीमुळे वर्ग रिकामा होता. पोरींना निदान सांगून जावं, म्हणून ती वर्गातल्या आचलच्या शेतावर गेली. बांध्या, भाताची ती खाचरं, पाण्यात उतरलेल्या आभाळानं भरल्या होत्या. वाकलेल्या बाया जणू त्या आभाळातच रोपं खोवत होत्या. मोनाली बांधावर उभी राहून बघतच राहिली.

शेवटची बांधी झाली आणि एकच कल्ला उठला. आचल ओंजळभर चिखल घेऊन धावली.

"मॅडम, पळू नका!"

त्या घरची रीतच तशी. रोवणी सरताना बांधावर असेल त्याला चिखल लावायचा. ज्याला लावला, त्यानं नव्या तांदळाचा भात खायला यायचंच.

"थांब वं पोरी," आचलची आई सुशिलाबाई म्हणाली. "मॅडमबाई, तुमी बी जाऊन राहिल्या का?"

"कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले लागते? तोंडावर दिसते ना! मागच्या साली तुमच्या त्या सरले लावला चिखल. दिवाळीआधीच गेले. आमी ताट वाढून वाट पाहत बसलो. मंग गाईले घातलं."

"गाय तरी सोडून नाही गेली!" मागून एक बाई म्हणाली, आणि सगळ्या खदखदा हसल्या.

मोनालीही हसली. गालावर चिखल घ्यायचा आणि भाताला यायचं नाही, असं खोटं वागणं तिला जमणारं नव्हतं. तिनं आचलला हातानंच थांबवलं आणि नागपूरला फोन लावला.

"या वर्षी नाही येत सर मी."

"मॅडम, जागा थांबणार नाही."

"नका थांबवू."

फोन ठेवून तिनं आचलपुढे गाल केला.

"नवा भात खाऊनच काय ते बघीन," ती म्हणाली. "पुढचं महादेव जाणे."

आचलनं दोन्ही गालांना गार चिखल लावला. बाया हातपाय धुवायला पाटाकडे गेल्या. मोनाली तिथंच पळसाला टेकली आणि बघता बघता तिचा डोळा लागला. उठवायला आचल पुढं झाली, तर सुशिलाबाईनं तिला मागं ओढलं.

"झोपू दे तिले."