खारूताई पडली नाही

माझी बायको झाडावरून पडली, असं तुम्हाला कोणीही सांगेल. तिच्यासमोर मात्र तसं बोलू नका. हातातलं काम टाकून ती तुमच्याकडे वळेल आणि म्हणेल, "पडले नाही हो. लटकले. कमरेला पट्टा होता."

मी शिंपी. मी दिवसभर एका जागी बसून कापतो, ती उंचावर लटकून कापते. कात्रीपासून करवतीपर्यंत सगळी हत्यारं आमच्या घरात मिळतील. झाडांचं काम मूळचं तिच्या वडिलांचं. मुलगा पुढे चालवेल म्हणून त्यांनी माझ्या मेव्हण्याला वर चढवलं, तर तो पहिल्याच फांदीवर खोडाला मिठी मारून रडायला लागला. त्याला खाली आणायला जी चढली, ती ही. तेव्हापासून ती वर आणि मेव्हणा खाली दोरीला, अशी वाटणीच झाली. गल्लीतली पोरं तिला खारूताई म्हणायची, आधी चिडवायला. मग गिऱ्हाइकंही म्हणायला लागली आणि तिनं ते नाव खुशाल आपलंसं केलं.

"बाईमाणूस झाडावर चढतं, बरं दिसतं का?" आमच्या लग्नानंतर माझ्या आईनं विचारलं होतं. ही म्हणाली, "बघायला जवळ येऊ नका, सासूबाई. फांद्या पडतात." आई पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

ती कधीच आल्याआल्या चढत नाही. मी नव्या गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तशी आधी झाडाभोवती फिरते. बुंध्याशी अळंबी उगवली आहेत का, ठोकल्यावर खोड पोकळ वाजतंय का, विजेची तार किती जवळ आहे, घरटं आहे का, मधमाश्या आहेत का. "हे वर गेल्यावर कळून काय उपयोग?" ती म्हणते. आणि फांदी कापताना खाली माणूस येऊ द्यायचा नाही म्हणजे नाही. मग तो घरमालक असला तरी.

त्या दिवशी एका इमारतीच्या आवारात काम चालू होतं. मेव्हण्यानं वाट पट्टी बांधून अडवली होती. एका गृहस्थाला घाई होती. त्यानं पट्टी उचलली आणि गाडी आत घातली. फांदी खाली सोडायची दोरी जमिनीवर होती, ती चाकात अडकली. वर अर्धवट कापलेली जाडजूड फांदी त्या दोरीला बांधलेली. तिला हिसका बसला, ती आडवी झुलली आणि हिच्या मांडीवर आदळली. हाड मोडल्याचा आवाज खाली ऐकू आला, असं मेव्हणा अजून सांगतो.

ही पट्ट्यावर लोंबकळत होती. शुद्धीत होती. वरूनच ओरडली, "करवत बंद केली आहे मी. आधी त्याची गाडी बंद करा!" मग अग्निशमनवाल्यांनी शिडी लावून तिला उतरवलं.

मांडीत सळई घातली. डॉक्टरीणबाई भल्या होत्या, खोटा दिलासा देणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "पाय थोडा आखूड राहील. गुडघा पूर्ण वाकणार नाही. चालाल तुम्ही, पण झाडाचं विसरा."

"विसरायचं औषध असेल तर तेही लिहून द्या," ही म्हणाली.

आमची लेक बँकेत आहे, तिचं घर दोन गल्ल्या सोडून. आई इस्पितळात असतानाच तिनं पट्टा, दोऱ्या, हेल्मेट, कड्या, सगळं पोत्यात भरलं आणि आपल्या घरी नेऊन कुलपात टाकलं. हिला काठी घेऊन चालता यायला लागलं, तशी ही थेट लेकीच्या दारात जाऊन उभी राहिली. मीही मागोमाग गेलो.

"माझं सामान दे."

"नाही देणार. आई, पुरे झालं आता."

"तू बँकेत पाय घसरून पडलीस, तर नोकरी सोडशील का?"

"मी तिसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर लटकून नोटा मोजत नाही! तुला भीती कशी वाटत नाही गं?"

"वाटते की. रोज वाटते. ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी मी आपली आपण खाली बसेन. तोवर मला बसवणारी तू कोण?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण किल्ली काही हलली नाही. दोघी एकाच मातीच्या. खरं सांगायचं तर माझं मन लेकीच्या बाजूला होतं.

दुसऱ्या दिवशी ही मेव्हण्याकडून एक जुनी दोरी घेऊन आली आणि माझ्या दुकानातल्या लोखंडी तुळईला बांधली. रोज सकाळी ती दोरीवर हातांनी वर जायची, लंगडा पाय ताणायची, घामाघूम होऊन खाली यायची. मी खाली लोकांची मापं घेतोय आणि डोक्यावर बायको लोंबतेय! एका गिऱ्हाइकानं घाबरून विचारलं, "मास्तर, सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "छातीचं माप द्या. वर बघू नका."

एक दिवस लेक दुकानात आली. वर बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ही दोरी? ही? सगळे धागे सुटलेत हिचे!" पाय आपटत गेली आणि तासाभरात पोतं घेऊन आली. माझ्या टेबलावर आदळलं. "मरायचंच असेल तर निदान धड दोरीनं मर," म्हणाली आणि हुंदके देत बसली. ही खाली उतरली, लेकीशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "ती दोरी मी झाडाला कधीच लावली नसती गं. ती फक्त तुळईपुरती."

परतल्यावरचं पहिलं काम एका दवाखान्याचं निघालं. मागच्या अंगणात जुनं शिरीषाचं झाड होतं. त्याची मोठी फांदी चिरली होती आणि थेट पत्र्यावर झुकली होती. बोळ इतका चिंचोळा की शिडीची गाडी आत येईना. शेजारीपाजारी म्हणाले, "वरून सगळं झाड छाटून बोडकं करा, कटकटच नको."

"बोडकं करायचं असेल तर दुसरं कोणी बघा," ही म्हणाली. "शेंडा उडवला की त्याच जागी झुडपासारखे धुमारे फुटतात. वरवर धरलेले असतात ते. वाऱ्यात तेच पहिले तुटणार, आणि तेव्हा शिव्या मला देणार तुम्ही."

मेव्हणा दोरीला. बोळाच्या तोंडाशी यावेळी मी उभा राहिलो. आयुष्यात मी कोणाची वाट अडवली नव्हती. एक टेम्पोवाला आला, भोंगा वाजवून वाजवून थकला, मग खाली उतरला. "तुम्ही कोण मला अडवणार?"

"माझी बायको वर आहे," मी म्हटलं. "इथून आत जायचं असेल तर माझ्या अंगावरून जा." माझा आवाज बरा निघाला. त्यानं इंजिन बंद केलं.

तेवढ्यात अंगणात गलका झाला. निम्म्यावर जाऊन ही थांबली होती. आखूड पाय आकडला होता, दोरीवरची पकड सुटत होती. पट्ट्यावर भार टाकून ती नुसती हेलकावत होती. कोणीतरी म्हणालं, "उतरवा त्यांना, उतरवा!" मेव्हण्याचा चेहरा उतरला.

"कोणी उतरवायचं नाही!" वरून आवाज आला. "मी दम खातेय. तुम्ही काय जिना चढताना थांबत नाही?"

मग तिनं पायातला दोरीचा फास सोडवला आणि धडक्या पायात अडकवला. आखूड पाय तसाच लोंबता ठेवला. एका पायानं रेटा, हातांनी ओढ, पुन्हा थांब. वीतभर, वीतभर करत ती वर सरकत राहिली. मला ते बघवेना आणि मान वळवताही येईना.

चिरलेल्या फांदीला तिनं आधी दोऱ्या बांधल्या. मग बुंध्यापासून लांब, खालून अर्धा काप. त्याच्या जरा पुढे वरून काप, म्हणजे फांदी मोडताना खोडाची साल सोलत नेत नाही. तुकडे एकेक करून मेव्हण्यानं खाली सोडले. पत्र्याला साधा पोचा आला नाही. शेवटी उरलेला खुंट तिनं, फांदी खोडाला मिळते तिथे जे फुगीर कडं असतं त्याच्या बाहेरून कापला, खोडाला अगदी चिकटून नाही.

ती उतरली तेव्हा तिला उभंही राहवेना. मेव्हण्यानं आणि मी दोन्हीकडून धरलं. दवाखान्याचा पहारेकरी डांबराचा डबा घेऊन आला, "जखमेला लावू का?"

"काही लावू नका. ते झाड आहे, त्याचं ते भरून काढेल," म्हणून तिनं पाणी मागितलं.

आता ती महिन्यातून चार-पाचच कामं घेते. मोठी, एकटीला न पेलणारी कामं दुसऱ्यांना सोडते. लेकीचा राग गेलेला नाही. आईचं काम असेल त्या दिवशी बँकेतून तिचा फोन येतो, तो मला.

"बाबा, उतरली का?"

"अजून चढायचीच आहे. झाडाभोवती फिरतेय."

"फिरू दे. घाई करू नका तिला," लेक म्हणते, पण फोन काही ठेवत नाही.