चांगुणाबाईंची दुसरी वारी जर्मनीची

बदलापूरच्या बेलवलीत चांगुणाबाईंना सगळे काकू म्हणत. नवरा धोंडिबा अंबरनाथ एमआयडीसीत फिटर. मुलगा प्रमोद इंजिनिअर होऊन जर्मनीला गेला आणि २००३ मध्ये त्याला मुलगी झाली. सून अस्मिताच्या मदतीला कोणीतरी जायला हवं होतं. धोंडिबाची नोकरी अजून बाकी होती, म्हणून काकू एकट्याच निघाल्या.

तयारी जोरात झाली. मेतकूट, डिंकाचे लाडू, सुकट, बाळाच्या दुपट्यांची चवड, सगळं मोठ्या बॅगेत भरलं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि चष्मासुद्धा त्यातच गेला, कारण हातातली पर्स हलकी ठेवावी असं शेजारणीने सांगितलं होतं. पायात कोरे बूट होते.

काकू पोहोचल्या, बॅग पोहोचली नाही. ती यायला बरेच दिवस गेले. तोवर गोळ्यांसाठी प्रमोदला कामावरून सुट्टी घेऊन डॉक्टरकडे धावावं लागलं. बुटांनी टाचा सोलल्या होत्या. मदतीला आलेली आई सोफ्यावर पाय वर करून बसली आणि बाळंतीण तिला चहा आणून देऊ लागली. काकूंना फार ओशाळल्यासारखं झालं.

पण खरा धडा पुढेच होता. एका सकाळी अस्मिता तपासणीला गेली होती. बाळ झोपलं होतं. काकू कचऱ्याची पिशवी घेऊन जिन्यात आल्या आणि मागे दार धाडकन लागलं. तिथली दारं ओढली की आपोआप बंद होतात, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. प्रमोदचा नंबर पाठ नव्हता. आत तान्हं मूल, बाहेर त्या अनवाणी.

त्यांनी समोरच्या दाराची बेल दाबली. एक उंच म्हातारी बाहेर आली. काकूंना तिची भाषा येत नव्हती. त्यांनी आपल्या दाराकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला. म्हातारीला लगेच उमगलं. तिने फोन करून इमारतीच्या रखवालदाराला बोलावलं, काकूंच्या पायांत आपल्या लोकरी सपाता घातल्या आणि तो येईपर्यंत त्यांचा हात धरून उभी राहिली. रखवालदाराने प्लास्टिकची पट्टी फटीत सरकवून दार उघडलं. बाळ तसंच झोपलेलं होतं. काकू पाळण्याशी खाली बसल्या आणि मनसोक्त रडल्या.

संध्याकाळी त्यांनी प्रमोदला सगळं सांगितलं. तो घाबरला. म्हणाला, "आई, उद्यापासून तू बाहेरच जाऊ नकोस."

"असं कसं? किल्ली कुठे असते ते दाखव," काकू म्हणाल्या. "मी डबे भरले रे, पण इथं राहायचं कसं ते विचारूनच आले नाही."

चार वर्षांनी दुसऱ्या नातवंडाची चाहूल लागली. आता धोंडिबा निवृत्त झाला होता, तोही निघणार होता. या वेळी काकूंची तऱ्हा वेगळी होती. दर रविवारी प्रमोदचा फोन आला की त्या एक जर्मन शब्द मागून घ्यायच्या आणि आठवडाभर भांडी घासताना घोकायच्या. बूट आधीच आणले. धोंडिबाला ते घालून रोज मांजर्लीपर्यंत फिरायला लावलं.

"अगं, लोक हसतात. घाटात निघालो की काय विचारतात."

"हसू देत. तिथं तुमच्या टाचा कोण चोळणार?"

गरम कपड्यांसाठी त्या एकट्याच उल्हासनगरला गेल्या. सिंधी दुकानदाराने विचारलं, "अम्मा, मनाली जा रहे हो?"

"नहीं भाऊ, जर्मनी. अंदर पहनने का दिखाओ, लेकिन खुजली नहीं होना मंगता."

गोळ्या, चष्मा आणि एकेक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवला. मोठ्या बॅगेत लाडवांचा एक डबा कमी केला आणि तिथे धोंडिबाचे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर भरले.

"हे कशाला? तिकडे काय कारखाना आहे?" धोंडिबाने विचारलं.

"दुपार मोठी असते तिथली. सगळे कामाला जातात. हाताला काही नसलं की जीव उबगतो. मी काढल्यात तशा दुपारी."

आणि झालंही तसंच. पहिले काही दिवस धोंडिबा खिडकीशी बसून राहिला. मग तळघरात प्रमोदची गंजलेली सायकल सापडली. ती त्याने उघडली, पुसली, जोडली. इमारतीतल्या लोकांना कळलं, तसे एकेक जण आपापली सायकल घेऊन येऊ लागले. भाषा लागलीच नाही. चाक फिरवून दाखवलं की पुरे. काकू मोठ्या नातीला बालवाडीत सोडायला जायच्या, वाटेत पाव घ्यायच्या आणि पाववालीशी आपल्या तुटपुंज्या शब्दांत बोलायच्या. एकदा रस्ता चुकला, तर एका बाईला विचारून सरळ घरी आल्या आणि अस्मिताला ते जेवताना सहज सांगितलं.

परत आल्यापासून बेलवलीच्या बुद्धविहारात येणाऱ्या कोणाचं पोरगं परदेशी निघालं की लोक या दोघांकडे येतात. धोंडिबा पुढे सरसावतो. बूट आधी चालवून घ्यावेत, गोळ्या जवळ ठेवाव्यात, दाराची रीत विचारावी, असं ऐटीत सांगत बसतो, जणू सगळं त्यालाच सुचलं होतं. काकू त्याला मध्येच तोडत नाहीत. चहा सगळ्यांना पुरेल ना, एवढंच बघतात.