भिंतीतला दरवाजा

दिवाळी सरली की आमच्या वाडीत वीटभट्टीचा ट्रक यायचा. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, सगळं त्यात चढायचं. आई झोपडीचं दार दोरीने बांधायची. "कुलूप कशाला? न्यायला हाय काय?" बारावी झाले त्या वर्षी ट्रक आईबाबांना घेऊन भट्टीकडे गेला आणि मी एकटी किन्हवलीहून एसटीने शहापूरला, तिथून पुढे ठाण्याला.

आज मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. एसी आहे, आणि 'सर्वसमावेशक' हा शब्द उठताबसता कानावर पडतो. मध्यंतरी आमच्याच गावच्या समाजमंदिराचं काम ऑफिसला मिळालं. लोकांना विचारून आराखडा करायचा होता. मी केवढी हरखले!

बैठक ठेवली माघात. तेव्हा अख्खी वाडी भट्टीवर असते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मी सरांना म्हटलं, पावसाआधी सगळे परततात, तोवर थांबू. पण निधी मार्चएंडच्या आत खर्ची पडायचा होता. मग वाडीतून एकटी आई गेली. गुडघ्यांमुळे ती आता भट्टीवर जात नाही. वाडीची माणसं बसतात तशी मंडपाबाहेर, चपलांपाशी बसली. तिथूनच म्हणाली, "आमची पान्याची वाट तेवढी सोडा." माईक तिच्यापर्यंत आला नाही. फोटोवाला मात्र आला.

समाजमंदिराच्या कुंपणभिंतीत, आमच्या विहिरीच्या वाटेवर, मी नकाशात एक लहान दरवाजा दाखवला होता. गावातल्या जाणत्यांनी तो खोडायला लावला. सुरक्षेसाठी म्हणे. कोणापासून, ते कोणी बोललं नाही. मी सरांशी भांडले. सर म्हणाले, वाडीतून तशी मागणीच आलेली नाही.

आता आई हंडा घेऊन सगळ्या गावाला वळसा घालते. तिचा हसरा फोटो आमच्या ऑफिसात लावलाय, मोठा, रंगीत. पाहिला की अंगाचा तिळपापड होतो.

वाडी परतली तेव्हा मी घरी गेले. काकीने हंडा खाली ठेवला. "तू होतीस ना गो तिथं? मग दरवाजा का नाय ठेवला?" ठेवला होता, खोडला त्यांनी, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही.

तुम्हीही आपापली वाडी सोडून शहरात आलात, म्हणून तुम्हाला सांगते. ठाण्यात मला अजून 'गावाकडची' म्हणतात. माझं घर म्हणजे आजही तेच दोरीचं दार. पण मी वाडीत शिरले की बाया एकमेकींना सांगतात, "आली गो भिंतवाली."