सडकेत आलेला गड

बैहरच्या बसमध्ये बाजाराच्या दिवशी एक म्हातारी हमखास माझ्या शेजारी यायची. पडक्या गडाची टेकडी दिसली की ती चपला काढून पिशवीवर ठेवायची आणि दोन्ही पाय सीटवर घ्यायची. तिचे गुडघे मला टोचायचे. नाल्याचा पूल गेला की पाय पुन्हा खाली.

एकदा मीच शहाणपणा सांगायला गेलो. "बाई, त्या टेकडीवर गोंड राजाचा मोठा गड होता. आता एक भिंत उरली."

"हौ. बाकीचा या सडकेत हाय. ठेकेदारानं सुरुंग लावून फोडला न् त्याची गिट्टी केली."

"म्हणून पाय वर घेता? राजाचा मान म्हणून?"

"राजा कोनं पाह्यला, बाबू? सुरुंग लावाले माहा माणूस होता. एक सुरुंग आधीच फुटला. जाळाले त्याचं काही गवसलंच नाही. दगड मात्र सारा गाडीत भरून आनला न् इथंच आंथरला."

पूल गेला. तिनं हळूच पाय खाली सोडले, चपला घातल्या आणि थोडी सरकली.

"बसा आता मोकये," ती म्हणाली.