जॅकी नावाचा साथीदार

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. निवृत्तीनंतर लोक मोठ्या तपासांबद्दल विचारतात. मला मात्र ही एक लहानशी गोष्टच सांगावीशी वाटते. नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

तेव्हा मी उपनिरीक्षक होतो. शहरातल्या महाल भागातल्या एका केटररची पांढरी व्हॅन भर दुपारी घराजवळून चोरीला गेली. गुन्हा दाखल झाला आणि तपास माझ्याकडे आला. केटरर रोज सकाळी ठाण्यात येऊन बाकावर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडीची खूण सांगायचा. मागच्या फळीवर हळदीचा मोठा डाग आहे, कितीही घासला तरी जात नाही.

चौथ्या दिवशी माझ्या खबऱ्याचा फोन आला. जरीपटका भागात चहाच्या टपरीवर एक गॅरेजवाला मिस्त्री कोणाला तरी सांगत होता, की महालची पांढरी व्हॅन परवा उचलली, आता दुसरी उचलायची आहे. इतकी पक्की खबर क्वचितच मिळते. तासाभरात मिस्त्री माझ्यासमोर होता.

पन्नाशीचा माणूस, बोटांच्या रेषांत ग्रीस बसलेलं. चोर पहिल्या प्रश्नाला साफ नाही म्हणतो किंवा पाणी मागतो, असा माझा अनुभव. याने दोन्ही केलं नाही. तिथेच मी थांबायला हवं होतं.

"महालची पांढरी व्हॅन तू उचलली का?"

"हाव साहेब, मीच उचलली."

"कुठून?"

"मागून जास्त. समोरून थोडी कमी."

मागून म्हणजे मागच्या गल्लीतून, असं मी धरलं. 'समोरून कमी' काही कळलं नाही, पण कबुली सुरू असताना माणसाला अडवू नये, असं आम्हाला वरिष्ठांनी शिकवलेलं.

"एकट्यानं?"

"एकट्याच्यानं होते का साहेब? जॅकी होता ना."

"हा जॅकी कुठे सापडेल?"

"तो कुठं जाते? गॅरेजमधीच पडला राहते."

मी लगेच दोन शिपायांना जॅकीला आणायला पिटाळलं आणि जबाब लिहायला बसलो.

इथे स्वतःबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. घरी आम्ही सगळे मले-तुले बोलणारे. पहिल्या वर्षी वर्गात मी तोंड उघडलं की मुलं हसायची. म्हणून पुस्तकातली भाषा मी फार मेहनतीने कमावली आणि तिचा मला अभिमान होता. समोरचा काहीही बोलो, मी ते शुद्ध करून लिहायचो. त्या दिवशीही लिहिलं, 'सदर वाहन मी माझा साथीदार नामे जॅकी, पूर्ण नाव माहीत नाही, याचे मदतीने चोरून नेले.'

वाक्य मला स्वतःलाच आवडलं होतं.

सही घेण्याआधी जबाब वाचून दाखवायचा, हा नियम. घाईच्या दिवशी तो कागदावरच पाळला जातो, हे मान्य करायला हवं. पण मिस्त्री म्हणाला की चष्मा घरी राहिला, जरा हळू वाचा. मी हळू वाचलं. 'चोरून नेले' ऐकताच त्याने हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"साहेब, चोरून मी कवा म्हटलं? मी उचलली म्हटलं. दोन इंच."

"दोन इंच?"

मग त्याने समजावून सांगितलं. महालातल्याच एका दुसऱ्या माणसाची पांढरी व्हॅन होती. तो माल घेऊन गावोगावच्या बाजाराला जातो. कच्च्या रस्त्यावर गाडीचं पोट दगडांना घासतं आणि मोठे टायर लावले तर ते वर अडतात. म्हणून समोरच्या स्प्रिंगवर गुटके, म्हणजे लोखंडी ठोकळे बसवले, मागच्या पट्ट्यांच्या कमानीत एक पाटा वाढवला आणि गाडी उंच केली. गॅरेजच्या भाषेत यालाच गाडी उचलणं म्हणतात.

तेवढ्यात शिपाई परतले. एकाच्या दोन्ही हातांत गाडी वर उचलायचा लोखंडी जॅक होता.

"साहेब, जॅकी," तो गंभीरपणे म्हणाला.

बाहेर बाकावर मिस्त्रीची बायको येऊन बसली होती. तिने शेजारच्या केटररला ऐकवलं, "घरी हूं का चूं करत नाहीत हे, अन् इथं येऊन सारं कबूल करून राहिले."

ठाणं हसलं, मीही हसलो. पण सही झाली असती तर त्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं असतं, आणि तेही माझ्या वाक्यावर. त्या दुसऱ्या व्हॅनच्या मालकाला फोन करून खात्री केली, मिस्त्रीची माफी मागितली आणि त्याला सोडलं. गाडीत असा बदल करायला आरटीओची परवानगी लागते, हेही सांगितलं, पण आवाज जरा खालीच होता. जाता जाता केटररने त्यालाही हळदीच्या डागाची हकीकत ऐकवली.

आठवड्याभराने मिस्त्रीचा फोन आला. तो अगदी दबक्या आवाजात बोलत होता.

"साहेब, दोन जण एक व्हॅन उचलाले घेऊन आले. पन मले वाटते, ते उचलूनच घेऊन आले. मागं हळद हाये."

गाडी उंच झाली, टायर बदलले की ती ओळखू येत नाही, असा त्या दोघांचा हिशेब होता. चेसिस नंबर जुळला. दोघे अटकेत गेले आणि केटररला गाडी मिळाली.

साक्षीदार म्हणून मिस्त्रीचा जबाब घ्यायला मीच बसलो. या वेळी त्याचा एकही शब्द बदलला नाही. 'उचलणे' जिथे आलं तिथे कोणत्या अर्थाने, ते त्याला विचारून घेतलं. निवृत्त होईपर्यंत मी तसंच करत आलो. शुद्ध लिहिणं आणि खरं लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कॉलेजात मला कळलं नव्हतं.

जबाब मी सावकाश वाचून दाखवला. मिस्त्रीने चष्मा आणला होता, तरी तो कागदाकडे न बघता नुसता ऐकत राहिला.

"हाव," तो म्हणाला, "हे मीच बोललो असं वाटते." आणि त्याने सही केली.