जड पाणी आणि घडीताई

कपड्यांच्या कारखान्यात ती शर्टांच्या घड्या घालायची. बाहीवर बाही, मध्ये पुठ्ठा, आणि कॉलर इतकी ताठ की तो शर्ट अंगात घालायला जीव होऊ नये. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे तिचं नाव मागे पडलं आणि सगळे तिला घडीताई म्हणू लागले. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं की म्हणायची, "धीर झाला नाही." ऐकणारे हसायचे, कारण तिला कशाचाच धीर होत नसे. कुलूप लावलं की ओढून बघायची, जिना उतरून पुन्हा वर यायची आणि परत ओढायची. धाकटा भाऊ तिला लहानपणापासून भागूबाई म्हणत आला होता.

त्याच भावाला लग्नानंतर खूप उशिरा मुलगी झाली. बाळ ठणठणीत होतं, पण भावजयीला ताप चढला आणि उतरेना. रक्तात जंतू पसरलेत, असं डॉक्टर म्हणाले. बाळाला इथे ठेवू नका, घरी न्या, हेही त्यांनीच सांगितलं. भाऊ बायकोच्या खाटेजवळून हलायला तयार नव्हता. तो बहिणीला म्हणाला, "ताई, तुझ्याशिवाय आहे कोण?"

 नाही म्हणावं असं घडीताईला फार वाटलं, पण नाही म्हणायचीही तिला भीतीच वाटायची. अशा तऱ्हेने ती दुपट्यात गुंडाळलेलं ते गाठोडं छातीशी धरून भावाच्या घरी आली.

घर वस्तीच्या टोकाला, नव्या इमारतीत होतं. शहराचं पाणी तिथवर पोचलेलं नव्हतं. इमारतीखाली बोअर होती आणि तिचं पाणी जड होतं. नळाच्या तोंडाशी पांढरे खडे जमायचे, स्टीलच्या भांड्यावर डाग उठायचे, केस धुतले की काथ्या व्हायचा. भाऊ-भावजयीला त्याची सवय झाली होती. पिण्यासाठी स्वयंपाकघरात एक फिल्टर होता, त्यातून पाणी थेंब थेंब पडायचं.

विकतचे लंगोट बाळाला सोसले नाहीत, लगेच पुरळ उठलं. मग दवाखान्यातल्या परिचारिकेने मऊ सुती कापड वापरायला सांगितलं. हे घडीताईला जमण्यासारखं होतं. तिने जुन्या चादरी फाडल्या, कडा दुमडून शिवल्या आणि लंगोटांची चळत अशी लावली की दुकानात मांडावी. धीर असा पहिल्यांदा थोडा आला तो तेव्हाच.

तो धुण्यापर्यंत टिकला. बादलीत साबण घातला तर फेस येईना. आणखी घातला, तरी नाही. पाण्यावर दह्यासारखा पांढरा थर तरंगायला लागला आणि तो कापडाला चिकटला. वाळल्यावर लंगोट असा कडक झाला की दोरीवरून काढला तरी त्याचा आकार तसाच राहिला. तिने हातावर घासून पाहिला आणि तिच्याच हाताला ओरखडा उठला.

बाळाच्या मांड्या लाल झाल्या. परिचारिका घरी येऊन बघून गेली. ती सांगत होती की साबण कापडात राहतोय, तो कमी घाला, शेवटचं पाणी तरी फिल्टरचं घ्या. पण बोलता बोलता तिने असंही म्हटलं की अशा कातडीतून जंतू आत गेले तर त्रास होईल. घडीताईच्या कानांनी तेवढंच धरलं. जंतू. भावजयीच्या रक्तात शिरले होते तेच. परिचारिका गेली, आणि घडीताईने साबण कमी करायचा सोडून दुप्पट केला. लंगोट उकळले. मग ब्लीच आणलं.

पुरळ वाढलं. मांडीच्या सांध्यात कातडी सोलवटली आणि एका लंगोटावर रक्ताचा बारीक ठिपका दिसला.  ती बराच वेळ मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिली. बाळाला शू झाली की ते किंचाळायचं, आणि ते किंचाळलं की घडीताई कानांवर हात ठेवायची, मग स्वतःचीच लाज वाटून धावत जायची.

भावजयीचा रोज फोन यायचा. आवाज खोल गेलेला, दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागायचा. कशी आहे, एवढंच विचारायची. घडीताई सांगायची, छान आहे. दूध पिते, झोपते, छान आहे. तिकडे त्या बाईचा जीव टांगणीला लागलेला, तिला काय सांगायचं, असं ती मनाला समजवायची. पण ते मनाला पटत नव्हतं. खरं कारण तिला ठाऊक होतं. इतक्या वर्षांनी झालेलं मूल आपल्या हाती सोपवलं आणि आपण त्याची ही दशा केली, हे कुणाला कळू नये, एवढीच तिची धडपड होती. भाऊ कपडे न्यायला यायचा तेव्हा बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं असायचं. "आत्ताच झोपलीय, उठवू नकोस," असं ती सांगायची. तोही थकलेला, लांबूनच बघून जायचा.

अशातच नळ तुंबला म्हणून प्लंबर आला. त्याने नळाच्या तोंडावर अॅसिड टाकलं आणि खडे फसफसत विरघळले. घडीताई बघत राहिली. तिने विचारलं, याने हा पांढरा थर सगळीकडचा जातो का? तो म्हणाला, जातो की. कशावरचा हे त्याने विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. उरलेली बाटली तो कोपऱ्यात ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लंगोट ब्लीचच्या पाण्यात भिजत होते. बाळ नजरेआड नको म्हणून तिने त्याची टोपली बाथरूमच्या दारातच ठेवली होती. वारा लागेल या भीतीने खिडकी बंद होती. तिने बाटलीचं झाकण उघडलं आणि थोडं अॅसिड बादलीत ओतलं.

पाणी खदखदलं. वर पिवळसर, हिरवट धूर आला आणि काय होतंय ते कळायच्या आत तिचा घसा आवळला. डोळ्यांत कुणी मूठभर तिखट टाकावं तसं झालं. श्वास आत जाईना. बाळ एकदा खोकलं, बारीकसं, मांजराच्या पिलासारखं. मग त्याचा आवाज बंद झाला.

त्या क्षणाबद्दल घडीताई पुढे कधी नीट सांगू शकली नाही. तिने टोपली उचलली, एवढं तिला आठवतं. दार ओढलं, जिन्यात आली, आणि पायऱ्या दिसत नसताना कठड्याला कोपर घासत खाली उतरली. तळमजल्यावर मोटार चालवायला शिकवणारा एक शेजारी राहत होता. तिला बोलता येत नव्हतं. त्याने तिच्या पदराचा वास घेतला, बाळाचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता गाडीची किल्ली उचलली.

गाडीत तिने बाळाच्या नाकापुढे बोट धरलं. श्वास लागतोय की खिडकीतून येणारा वारा, तेच तिला समजेना. ती पुन्हा पुन्हा बोट धरत राहिली. शेजारी एकदाच बोलला. "रडवा तिला. रडली पाहिजे." घडीताईने बाळाच्या तळपायाला चिमटा काढला. आपण या जिवाला अजून किती दुखवणार, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या चिमट्याला बाळ रडलं, आणि ते रडणं थांबू नये म्हणून ती घाबरत चिमटे काढत राहिली.

भावजय होती त्याच दवाखान्यात बाळाला आत नेलं, प्राणवायू लावला. तपासायला कपडे काढले तेव्हा ते सोलवटलेलं अंग सगळ्यांनी पाहिलं. भाऊही तोवर धावत आला होता.  घडीताईने त्याला भिंतीशी उभं करून सगळं सांगितलं. साबण, ब्लीच, अॅसिड, रक्ताचा ठिपका, फोनवरचं छान. घसा भाजल्यामुळे आवाज फाटत होता, पण तिने एकही गोष्ट वगळली नाही. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं की धूर आत फारसा गेलेला नाही. पोर आणखी थोडा वेळ त्या दारात राहिली असती तर काही सांगता आलं नसतं. 

भावजयीला चाकाच्या खुर्चीतून आणलं. तिने काचेतून मुलीकडे पाहिलं, मग नणंदेकडे.

"ताई, मी रोज विचारत होते."

"हो."

"रोज."

घडीताईने मान खाली घातली. भावजय रागावून बोलली असती तर बरं झालं असतं, पण ती तेवढंच बोलली आणि खुर्ची वळवायला सांगितलं.

बाळ दोन-तीन दिवसांत सावरलं. शेजाऱ्याच्या बहिणीकडे शहराचं पाणी होतं, तिथून तो गाडीत कॅन भरून आणू लागला. लंगोट त्या पाण्यात, बोटभर साबणात धुतले आणि खळबळून पिळले की पूर्वीसारखे मऊ व्हायला लागले. धुवायचे भावाने. घडीताई फक्त घड्या घालायची. भावजय घरी आली तेव्हा पुरळ सुकून नवी गुलाबी कातडी आली होती. तरी कितीतरी दिवस तिने बाळाला नणंदेच्या मांडीवर एकटं सोडलं नाही. घडीताईला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. ती आपल्या खोलीवर परत गेली, कारखान्यात जायला लागली. ब्लीचचा वास कुठे आला की तिच्या हातातल्या शर्टाची घडी विसकटायची.

मूल रांगायला लागलं तेव्हा भावजय तिच्या खोलीवर आली. कामावर पुन्हा जायचं होतं, मुलीला कुणाकडे तरी ठेवायला हवं होतं. घडीताईने ऐकलं आणि ती भिंतीकडे सरकली.

"मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," भावजय म्हणाली. "तुमच्याजवळ ठेवायचीही वाटते. म्हणून तर स्वतः आले. पण काय झालं ते त्या दिवशी तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगितलंत, सगळं. पाळणाघरातली बाई सांगेल की नाही, मला ठाऊक नाही."

 घडीताईने उठून भावजयीपुढे पाण्याचा पेला ठेवला आणि विचारलं, पोर आता दुपारी झोपते का, आणि झोपताना अंगावर काय घेते. भावजय सांगत राहिली. घडीताई मध्येच तिला थांबवून तेच पुन्हा विचारत होती.