पडद्यामागची खोली

थिएटर समोरून नवरीसारखं नटलेलं. गोल खांब, चुन्याच्या वेलबुट्ट्या, सज्जाखाली पंख पसरलेल्या पऱ्या. मागच्या गल्लीतून पाहिलं तर नुसत्या उघड्या विटा. मूळची ती नाट्यशाळा. पुढे रंगमंचावर सिनेमाचा पडदा ताणला गेला आणि नटांची रंगायची खोली डोअरकीपरला राहायला मिळाली. त्याची बायको लग्न होऊन आली ती थेट पडद्यामागे. सगळे सिनेमे तिने उलटे पाहिले. तिच्या सगळ्या नायिका डावखुऱ्या.

पहिल्याच दिवशी किंकाळी ऐकून ती हातातलं भांडं टाकून धावली, तेव्हा सासू हसली होती. "पडद्यातल्या हाकेला ओ द्यायची नाही. नाहीतर संसार व्हायचा नाही."

ती शिकली. पडद्यावर खून पडत असताना भाजी चिरायची, कुणी गळफास घेत असताना पोरीची वेणी घालायची.

पडद्याच्या वर नाटकाच्या काळातल्या फळ्या तशाच होत्या, किडलेल्या. स्पीकरची तार तिथूनच जायची. नवऱ्याने फळ्या बदला म्हटलं की मालक विचारायचा, तू काय हत्ती आहेस?

त्या दुपारी आवाज खरखरू लागला, प्रेक्षक शिट्ट्या मारू लागले. खेळ संपल्यावर चढा, असं तिने नवऱ्याला विनवलं.

"तोवर लोक खुर्च्या मोडतील, मग मालक मला मोडेल," म्हणत तो चढला. खरखर थांबली. तिचा जीव भांड्यात पडला.

मग पडद्यावर मारामारी सुरू झाली. कुणीतरी धाडकन कोसळलं, "अगं ए, अगं" म्हणत विव्हळू लागलं. ती कांदा चिरत होती, सासू शेंगा सोलत होती.

"आज फारच लांबवलंय मेल्यानं मरण," सासू म्हणाली. दोघी हसल्या.

मध्यंतर झालं. पडदा गप्प झाला. विव्हळणं थांबलं नाही.

दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. मालकाने फळ्या उतरवल्या, खोली राहू दिली, सुनेला झाडलोटीवर ठेवलं. लोक म्हणाले, देवमाणूस.

घरात त्या दुपारचा विषय दोघींनी कधी काढला नाही. फक्त पडद्यात कुणी ओरडलं की सासूच्या हातातलं काम थांबायचं.

"जा गं, बघून ये."

सून निमूट जायची, पडद्यामागच्या अंधारात जमिनीवर हात फिरवून यायची. "कुणी नाही, आई."

पुढे थिएटरला टाळं लागलं, दोघी मागच्या खोलीतच राहिल्या. आता खेळ नाही, आवाज नाही. तरी दुपार झाली की म्हातारी कान टवकारते, आणि तिने तोंड उघडायच्या आधीच सून उठते.